कर्नलच भियालो!

आषाढातल्या धो-धो पावसात लिनक्स ही संगणकप्रणाली घातलेला तुमचा लॅपटॉप उठेनासा झाला, तर पहिलं पथ्य पाळा. पडद्यावर जे लिहून आलंय ते वाचू नका. काळ्या पाटीवरची पांढरी अक्षरं म्हणजे यंत्राने दिलेल्या शिव्या, आणि शिव्या काय वाचायच्या असतात? कॅप्स लॉकचा दिवा लुकलुकत असेल तर ते बटण बिघडलंय असं समजून नखाने दाबत बसा. ती कर्नल पॅनिकची, म्हणजे प्रणालीचा गाभाच घाबरून थांबल्याची, खूण आहे, असं सांगायला कुणी आलाच तर त्याला चहा विचारू नका.

मात्र मोठ्याने ओरडू नका. वेंगुर्ल्याच्या घरी मी "कर्नल पॅनिक झाला!" म्हणून ओरडलो, तेव्हा पडवीत सुपारी कातरत बसलेल्या आजोबांनी मान वर केली. "कर्नलच भियालो, तर शिपायांनी करूचा काय?"

आजोबांना लिनक्स ठाऊक नव्हतं, पण मुद्दा चोख होता. कर्नल म्हणजे सगळ्या प्रणालीचा बाठा. प्रोसेसर, मेमरी, डिस्क यांच्याशी थेट बोलायचा अधिकार त्याचा. बाकीच्या प्रोग्रामांनी त्याच्यामार्फत अर्ज करायचे. पुढे जाण्यात धोका दिसला की तो जागीच थांबतो, कारण तसाच रेटत राहिला तर डिस्कवरचा माल नासायचा. पण तुम्ही याला शहाणपण म्हणू नका, माज म्हणा. आणि 1991 साली हेलसिंकीतल्या एका एकवीस वर्षांच्या पोराने हौस म्हणून लिहायला घेतलेल्या गोष्टीकडून वेगळी काय अपेक्षा करणार, असंही वर ऐकवा. जगातले बहुतेक सर्व्हर आणि तुमच्या खिशातला अँड्रॉइड फोन त्याच कर्नलवर चालतात, हे त्या वेळी आठवायचं कारण नाही.

आता कारण. माझ्या पडद्यावर शेवटी लिहिलं होतं, की रूट फाइलसिस्टिम, म्हणजे प्रणालीच्या फायलींचं घर, माउंट करता येत नाही, उघडत नाही. म्हणजे बाठा जागा झाला, पण घराची किल्ली सापडेना. ती किल्ली बहुधा इनिटरामएफएस नावाच्या छोट्या गाठोड्यात असते. नवा कर्नल बसवताना हे गाठोडं बांधलं जातं, आणि मी नवा कर्नल बसवला तो नेमका विजा कडाडत असताना. गाठोडं अर्धवट असताना लाईट गेली. लॅपटॉपची बॅटरी दोन वर्षांपूर्वीच वारली होती. आता सांगा, यात माझी काय चूक? चूक लिनक्सची.

लॅपटॉप सुरू होताना शिफ्ट किंवा एस्केप दाबलं की ग्रबची, म्हणजे कुठला कर्नल उठवायचा ते विचारणाऱ्या प्रोग्रामची, यादी येते, तिच्यात 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' असतं, आणि तिथे जुना, कालपर्यंत गुण्यागोविंदाने चाललेला कर्नल तुमची वाट बघत असतो. तो निवडायचा आणि आत शिरून गाठोडं पुन्हा बांधायचं. पाच मिनिटांचं काम. म्हणूनच ते करू नका. देवळात कौल लावतात, उजवा की डावा, तसं इथेही यंत्र स्वतःहून विचारतंय. पण यंत्राला कसला मान द्यायचा? त्यापेक्षा सगळं पुसून दुसरं डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा दुसरा अवतार, टाका. मग तिसरं. प्रत्येक वेळी पेनड्राइव्ह बनवा, फोटोंची नक्कल ठेवायला विसरा. चौथ्यानंतर तुम्हाला 'अनुभवी' म्हणतात.

नेटवर मदत मागायचीच झाली तर अशी मागा: "चालत नाही, काय करू?" मॉडेल, कर्नलचा आकडा, आधी काय केलं, यातलं काही लिहू नका. पडद्याचा फोटो तिरका, ट्यूबलाइटच्या झगझगाटासकट, आणि नेमकी कामाची ओळ अंगठ्याखाली. उत्तर म्हणून मिळालेली आज्ञा न वाचता सुडो लावून, म्हणजे यंत्राचे सगळे अधिकार देऊन, चिकटवा. डीमेसेज, म्हणजे कर्नलच्या नोंदी दाखवणारी आज्ञा, चालवून बघा म्हणाले तर रागवा. मी काय सरकारी कारकून आहे ओळी वाचायला?

पॅनिक प्रत्येक वेळी वेगळ्याच जागी होत असेल, तर जाणते लोक रॅमवर, म्हणजे मेमरीवर, संशय घेतात आणि तिची परीक्षा घेणारा मेमटेस्ट रात्रभर चालवायला सांगतात. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहता ना? खाऱ्या वाऱ्याने इथे खिडकीचे गज गळतात, तर रॅमच्या पट्टीचे ते सोनेरी दात कसे धड राहावेत? पण तुम्ही दोष द्या आपला ड्रायव्हरला, म्हणजे यंत्राचे सुटे भाग हाकणाऱ्या प्रोग्रामला.

माझं मशीन शेवटी गावातल्या दुरुस्तीवाल्या पोराकडे गेलं. त्याने ते चालू केलं, चष्मा पुसला आणि पडद्यावरची शेवटची ओळ सावकाश, मोठ्याने वाचली. पाच मिनिटांत लॅपटॉप सुरू. पैसे घेताना जरा संकोचला.

घरी आल्यावर आजोबांनी विचारलं, "काय केल्यान रे त्येणा?"

मी म्हटलं, "फार आतलं काम होतं."