फ्यूजला चांदी गुंडाळा म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

‘गाडीचा टेप घरीच दुरुस्त करा, गॅरेजवाले सांगत नाहीत ते ५ उपाय’ असा एक मेसेज सध्या निपाणीपासून खानापूरपर्यंत ग्रुपाग्रुपांत फिरतोय. परवा मामांनी तो घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लगेच अंगठे पडले. मामांच्या डिकीत स्पीकरचा आवाज वाढवणारा ॲम्प्लिफायर आहे आणि मागच्या सीटवर पोरं बसतात. म्हणून हे लिहावं लागतंय.

मेसेज थोडक्यात असा. फ्यूज सारखा जात असेल तर मोठा घाला, नाहीतर सिगारेटच्या पाकिटातली चांदी, म्हणजे तो चकचकीत कागद, गुंडाळा. स्पीकरमधून शिट्टी येत असेल तर ॲम्प्लिफायरची अर्थ वायर, म्हणजे बॉडीला जोडलेली मायनस, काढून टाका. ठेक्याबरोबर हेडलाइट मंद होत असतील तर कपॅसिटर, म्हणजे क्षणभराची वीज साठवणारा डबा, बसवा. इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर तपासायचा असेल तर चालू इंजिनावर बॅटरीचं टर्मिनल काढून बघा. सकाळी बॅटरी उतरलेली सापडली तर टेप बदला.

आधी ती चांदी. फ्यूज टेपला वाचवायला असतो असं बऱ्याच जणांना वाटतं. तो असतो वायर वाचवायला. टेपला जाणारी वायर साधारण १ स्क्वेअर एमएमची असते, म्हणून तिला १० चा लाल नाहीतर १५ चा निळा फ्यूज देतात. डॅशबोर्डमागं ही वायर कुठं खरचटून बॉडीला लागली आणि फ्यूजच्या जागी चांदी असली, तर बॅटरी शंभर अँपिअर सहज ओतते. तशा ३ मीटर तांब्याच्या वायरीचा रेझिस्टन्स सुमारे ०.०५ ओहम. म्हणजे ५०० वॅट उष्णता, तीही प्लॅस्टिक आणि फोमच्या मधोमध. अर्धी इस्त्री डॅशबोर्डमागं चालू करून ठेवल्यासारखं झालं हे. गळीत हंगामात ऊसाच्या ट्रॅक्टरवर दणदणीत डेक लावून फिरणारी पोरं हाच उपाय करतात, आणि मागं वाळलेलं पाचट असतंय. अजून काय सांगायचं?

फ्यूज जातो कधी, ते आधी बघा. घातल्या घातल्या गेला तर सरळ शॉर्ट आहे. खड्ड्यात गाडी आदळली की जात असेल तर वायर कुठंतरी घासतेय. सीटच्या रुळाखाली आणि बॉनेटमधून आत येणाऱ्या पत्र्याच्या भोकात रबराचा ग्रोमेट, म्हणजे वायर पत्र्याला घासू न देणारी रिंग, आहे का ते बघा. आवाज वाढवल्यावरच जात असेल तर लोड जास्त आहे, नाहीतर स्पीकरची एखादी वायर बॉडीला लागतेय. स्पीकरची मायनस बॉडीला जोडायची सवय काही जुन्या वायरमनना अजून आहे. हल्लीच्या बहुतेक टेपमध्ये स्पीकरच्या दोन्ही तारांवर सहाएक व्होल्ट असतात, त्यातली एकही अर्थ नसते.

शॉर्ट शोधायला फ्यूज जाळत बसू नका. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब घ्या, त्याच्या दोन वायरी फ्यूजच्या दोन खाचांत अडकवा. शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटेल, पण पावणेदोन अँपिअरपेक्षा जास्त करंट जाणार नाही, त्यामुळे वायर जळत नाही. आता टेपचं सॉकेट काढा, मग ॲम्प्लिफायरची प्लस, मग एकेक फाटा. जो काढल्यावर बल्ब विझला, शॉर्ट त्याच फाट्यात. ॲम्प्लिफायर जोडताना बल्ब क्षणभर चमकून विझला तर घाबरू नका, आतले कपॅसिटर भरतात. आणि ॲम्प्लिफायरच्या जाड वायरीला बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत स्वतंत्र फ्यूज हवाच. डिकीत ॲम्प्लिफायरजवळ लावलेला फ्यूज मधली सगळी वायर उघडी सोडतो.

शिट्टीचा उपाय दुसऱ्या नंबरचा घातकी. अर्थ वायर काढली की ॲम्प्लिफायरचा करंट, टेपमधला आवाज ॲम्प्लिफायरकडं नेणाऱ्या आरसीए केबलच्या बाहेरच्या जाळीतून टेपकडं परत जातो. टेपच्या बोर्डावरची तिथली केसासारखी पट्टी जळते आणि मग शिट्टी कायमची मुक्कामाला येते. आवाज इंजिनाच्या रेसबरोबर चढत असेल तर टेप चालू ठेवून आरसीए केबल ॲम्प्लिफायरमधून उपसा, अर्थ वायर नव्हे. शिट्टी थांबली तर दोष केबलीत किंवा टेपच्या अर्थिंगमध्ये. पॉवरची वायर एका बाजूनं आणि आरसीए दुसऱ्या बाजूनं न्या. थांबली नाही तर ॲम्प्लिफायरची अर्थ बघा. मोठ्या आवाजात गाणं लावून मल्टिमीटरचा लाल काटा ॲम्प्लिफायरच्या अर्थ टर्मिनलला, काळा बॅटरीच्या मायनसला लावा. ०.२ व्होल्टच्या वर दिसलं की अर्थ कच्ची. खानापूरकडच्या पावसात बोल्टखाली गंज धरतोच. रंग खरवडून चकचकीत पत्रा काढा, दातेरी वॉशर घाला, आवळा, वरून ग्रीस लावा. सीटबेल्टचा बोल्ट मात्र अर्थसाठी वापरू नका.

टर्मिनल काढायचा सल्ला कुणी दिला असेल ते कळतं. डायनॅमोच्या जुन्या जीपवर हे खपून जायचं, तेवढं खरं. अल्टरनेटर चार्ज करत असताना बॅटरी सुटली की व्होल्टेज एकदम उसळतं, त्याला लोड डंप म्हणतात. गाड्यांच्या इलेक्ट्रिकल चाचण्यांचं आयएसओ १६७५०-२ हे मानक बघा: १२ व्होल्टच्या गाडीत, अल्टरनेटरच्या आत आवर घालणारे डायोड नसतील तर हा झटका ७९ ते १०१ व्होल्टचा धरलाय, ते असतील तर ३५ चा. टेप साधारण १६ व्होल्टपर्यंतच्या हिशोबानं बनतो. टेप राहू द्या, इंजिनाचा ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, गेला तर त्या खर्चात नवा टेप, स्पीकर सगळं येईल. दोनतीनशे रुपयांच्या मल्टिमीटरवर हेच तपासता येतं. इंजिन बंद असताना चार्ज बॅटरी १२.६ व्होल्ट, चालू असताना १३.८ ते १४.४. मग मीटर एसीवर फिरवा. अर्ध्या व्होल्टच्या वर दिसलं तर अल्टरनेटरचा डायोड गेलेला असू शकतो. शिट्टीचं मूळही कधीकधी तिथंच निघतं.

कपॅसिटरबद्दल अर्धं मान्य. एखाद्या क्षणाचा ठोका तो झेलतो. पण १ फॅरडचा कपॅसिटर १४.४ वरून १२ व्होल्टपर्यंत उतरताना जेमतेम ३२ ज्यूल देतो, म्हणजे ५०० वॅटच्या लोडला सेकंदाचा सोळावा भाग. लाइट मंद होत असतील तर आधी बॅटरीची मायनस ते बॉडी आणि इंजिन ते बॉडी या पट्ट्या बघा.

राहिली सकाळची उतरलेली बॅटरी. टेप बदलायच्या आधी ॲम्प्लिफायरला चालू-बंदचा इशारा देणारी निळी-पांढरी रिमोट वायर कुठं जोडलीय ते बघा. ती पिवळ्या, म्हणजे कायम चालू वायरीला जोडलेली असेल तर ॲम्प्लिफायर रात्रभर जागाच असतो. गाडी लॉक करून अर्धा तास थांबा, मग बॅटरीची मायनस वायर काढून टर्मिनल आणि वायरीच्या मधे मीटर लावून करंट मोजा, आणि मीटर लागलेला असताना स्टार्टर मारू नका. ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर टेपचा काही दोष नाही, बॅटरीचं वय बघा.