वनराज भाटियांविषयीचा तो संदेश खोटा आहे

माझ्या 17 वर्षांच्या भाचीला संगीतरचना शिकायची आहे. गेल्या आठवड्यात तिच्या वडिलांनी, म्हणजे आमच्या भावजींनी, घरच्या व्हॉट्सॲप गटावर एक संदेश टाकला आणि खाली लिहिले, 'हे वाच आणि मग ठरव.' संदेश संगीतकार वनराज भाटियांविषयी आहे. लंडन-पॅरिसला शिकून आलेल्या या माणसाला भारतीय संगीताचा गंध नव्हता, एवढे शिकून त्यांनी साबणाच्या जाहिराती केल्या, चित्रपट मिळेनात म्हणून दूरदर्शनची कामे धरली, त्यांचे एकही गाणे लोकांच्या ओठांवर आले नाही, त्यांच्या पाश्चात्त्य पद्धतीच्या मैफलीच्या रचना कोणी वाजवल्या नाहीत आणि अखेरची वर्षे हलाखीत गेली. तेव्हा मुलांना या वाटेला लावू नका, असे त्यात म्हटले आहे. हाच संदेश मला याआधी दोनदा आला होता आणि मी तो पुसून टाकला होता. आता त्यावरून एका मुलीचे शिक्षण ठरत असेल, तर गप्प बसणे मला जमणार नाही.

'भारतीय संगीताचा गंध नव्हता' हा यातला सर्वांत बेजबाबदार आरोप. 1927 मध्ये मुंबईत जन्मलेल्या भाटियांचे पहिले शिक्षण हिंदुस्थानी संगीताचे, आणि तेही प्रा. बी. आर. देवधरांच्या संगीत विद्यालयात झाले. पियानो त्यानंतर आला, लंडनची रॉयल अकॅडमी त्याहून नंतर आणि पॅरिसला नामवंत संगीतशिक्षिका नादिया बूलांजे यांच्याकडचे शिक्षण सर्वांत शेवटी. पण शाळेचा दाखला बाजूला ठेवला तरी चालेल, काम ऐकावे. दूरदर्शनवरच्या 'भारत एक खोज' मालिकेचे शीर्षकसंगीत मी परवा भाचीला शेजारी बसवून तीनदा ऐकवले. शब्द ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील नासदीय सूक्ताचे आहेत. वेदपठण ज्यांनी ऐकले आहे त्यांना ठाऊक असेल की ते उदात्त, अनुदात्त आणि स्वरित या तीन स्वरांच्या परिघात चालते आणि म्हणणारे सगळे एकाच सुरात म्हणतात. भाटियांनी त्या पठणाचे गांभीर्य तसेच राखले आणि ते वृंदगानाच्या हाती दिले. मग वसंत देवांचे हिंदी शब्द, 'सृष्टि से पहले सत् नहीं था', सुरू होतात तेव्हा अर्थ उलगडतो, पण गूढ कमी होत नाही. तिसऱ्या वेळी भाचीने विचारले, 'मामा, यात तबला कुठे आहे?' ताल धरून ठेवणारे वाद्य नसतानाही लय सुटत नाही, हे तिच्या आपण होऊन लक्षात आले होते. ऋचेचे वजन कळणारा आणि अनेक आवाजांची मांडणी येणारा असा एकच माणूस तिथे हवा होता.

'भूमिका'चेही तेच. हंसा वाडकरांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मकथनावर आधारलेल्या त्या चित्रपटाला जुन्या बोलपटांच्या वळणाची गाणी हवी होती, आणि 'तुम्हारे बिन जी ना लगे घर में' ऐकताना ते 1977 चे गाणे आहे असे वाटतच नाही. 'सरदारी बेगम'मधली ठुमरीच्या अंगाची गाणी त्यांनी आरती अंकलीकरांकडून गाऊन घेतली. गंध नसलेला माणूस हे करू शकत नाही.

जाहिरातींचा मुद्दा खरा आहे, पण त्यात लाज कसली? त्यांनी सात हजारांहून अधिक जिंगल्स केल्याचे सांगितले जाते, आणि तीस सेकंदांत सूर मनात रुजवणे ही कसबाची कसोटी आहे. दूरदर्शनच्या बाबतीत एकच दाखला पुरेसा आहे. 35 व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट संगीत दिग्दर्शनाचा पुरस्कार भाटियांना मिळाला तो 'तमस'साठी, आणि 'तमस' देशाने 1988 मध्ये पाहिला तो घरातल्या टीव्हीवर. ओठांवरच्या गाण्याचे म्हणाल, तर 'मंथन' चित्रपटातले 'मेरो गाम काथा पारे' पुढे अमूलच्या जाहिरातीतून घरोघरी पोचले. हा संदेश पुढे पाठवणाऱ्यांतल्या बहुतेकांना ते गुणगुणता येईल. मैफलीच्या रचनांकडे आपल्याकडे फारसे कोणी फिरकले नाही हे मात्र मला मान्य करावे लागते. तरी 'कोणी वाजवल्या नाहीत' हे खोटेच आहे, कारण जानेवारी 2019 मध्ये जगप्रसिद्ध वादक यो-यो मा यांनी मुंबईत त्यांची 'रेव्हरी' चेलोवर वाजवली.

राहिला हलाखीचा मुद्दा. अखेरच्या वर्षांत त्यांना पैशांची चणचण होती हे 2019 मध्ये वर्तमानपत्रांतून आले होते, ते मी नाकारत नाही. पण त्याचे खापर शिक्षणावर फोडणे अन्यायाचे आहे. ज्या 1977 मध्ये 'भूमिका' आला, त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला की निर्मात्याने मोबदला देऊन चित्रपटासाठी करून घेतलेल्या संगीताचा, वेगळा करार नसेल तर, पहिला मालक निर्माता असतो. म्हणजे गाणे पुढे कितीही वाजले तरी संगीतकाराला एकदा मिळालेल्या बिदागीपलीकडे हक्काने काही मागता येत नव्हते. ही स्थिती बदलण्यासाठी कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली ती 2012 मध्ये, भाटिया 85 वर्षांचे असताना. त्या दुरुस्तीनंतर चित्रपटगृहाबाहेर होणाऱ्या वापराच्या रॉयल्टीतला संगीतकाराचा वाटा त्याला निर्मात्याच्या नावे लिहून देता येत नाही. माझी भाची आज शिकायला लागली तर ती या नव्या कायद्याखाली काम करील. तिने करार वाचायला शिकले पाहिजे, असे भावजींनी लिहिले असते तर मी त्याला दुजोराच दिला असता.

तिच्या प्रवेश अर्जाची मुदत या महिन्याअखेर संपते आहे. भावजी, या संदेशापायी तो अर्ज अडवू नका.