मागच्या चाकाला फुटलेला पाझर

इंदुरात घरासमोर डाग पडणं ही आता ज्याची त्याची बाब राहिलेली नाही. 2017 पासून सलग कितीतरी वर्षं स्वच्छतेत शहराचा नंबर पहिला आला, त्यामुळे रस्त्यावर पडलेला चॉकलेटचा कागदही लोक मालक शोधून त्याच्या हातात परत देतात. अशा शहरात, राजेंद्रनगरातल्या आमच्या गल्लीत, माझ्या जुन्या व्हॅनच्या मागच्या डाव्या चाकाखाली बशीएवढा काळा डाग पडला आणि अंगाने भरू लागला.

पहिला संशय अर्थातच कुत्र्यावर. "मागचं चाक म्हटलं की कुत्राच," हा आईचा निकाल. गल्लीतला भुऱ्या या बाबतीत वक्तशीर आहे हे मान्य, पण इतका चिकटपणा त्याच्या नावावर टाकणं अन्यायाचं झालं असतं. मी वाकून टायरच्या आतल्या बाजूला बोट लावलं. काळपट तपकिरी, दाट, थेट काकवी. साबण झाला, बेसन झालं, बोट काही पूर्वपदावर येईना. "चाकातून ग्रीस गळतंय," असं मी बायकोला म्हणालो ते अंगणात म्हणालो, आणि तिथेच घोटाळा झाला.

सकाळी पोहे-जिलेबी आणायला निघालेला इंदुरी माणूस सल्ला द्यायला कुठेही थांबतो. वीज खात्यातून निवृत्त झालेले काका थांबले. "शॉकअप, म्हणजे शॉकअॅब्सॉर्बर, गेलाय तुमचा." त्यांच्या स्कूटरचा एकदा गेला होता, तेव्हापासून त्यांच्या लेखी जगात दुसरं काही जातच नाही. बँकवाले काका आले. "ब्रेक ऑइल आहे. गाडी जागची हलवू नका." हे मात्र खालच्या आवाजात, पेशंटला ऐकू जाऊ नये म्हणून. वरच्या मजल्यावरचे प्रोफेसर गॅलरीतूनच म्हणाले, "बेअरिंगचं ग्रीस वितळलंय." खाली वाकून कुणीच पाहिलं नाही. सगळी निदानं उभ्याउभ्या, हातातले पोहे गार होऊ न देता.

वैताग हा, की यातलं काहीही खरं असू शकत होतं. मागच्या चाकाजवळ शॉकअॅब्सॉर्बरमध्ये तेल असतं, ब्रेकच्या सिलिंडरमध्ये ब्रेक ऑइल, बेअरिंगमध्ये ग्रीस. आणि व्हॅनची ताकद मागच्या चाकांना, म्हणून मध्ये डिफरन्शियल, म्हणजे ती ताकद दोन्ही चाकांना वाटून देणारा गियरचा डबा, आणि त्यात नव्वद नंबरचं गियर ऑइल. चारही द्रव ब्रेकची काळी धूळ खाऊन सारखेच दिसू लागतात.

तोडगा बायकोने काढला. ती शाळेत केमिस्ट्री शिकवते.

"अहो, ब्रेक ऑइल पाण्यात मिसळतं. इंजिन-गियरचं तेल तरंगतं. वाद कशाला घालताय?"

आमटीच्या वाटीत पाणी घेतलं, रात्रभर चाकाखाली ठेवलेल्या पुठ्ठ्यावरून चमच्याच्या टोकाने थेंब उचलला आणि सोडला. थेंब बुडाला नाही, विरघळला नाही. पसरून कडेला जांभळी-हिरवी झाक सोडत ऐटीत तरंगत राहिला. वास घेतला तर गंधकाचा उग्र भपकारा. म्हणजे गियर ऑइल. ब्रेक ऑइलची डबी उघडून पाहिली, पातळी जागेवर. शॉकअॅब्सॉर्बरच्या नळीवरून चिंधी फिरवली, ती कोरडी, नुसती धूळ. बँकवाल्या काकांना हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला. गाडी सुखरूप असल्याचा आनंद त्यावर कुठे दिसेना.

जवळच्या गॅरेजात ऑइल सील बदलून झालं. एक्सल, म्हणजे चाक फिरवणारा दांडा, जिथे बाहेर येतो तिथे ही रबरी कडी बसते. आतलं तेल आत ठेवणं एवढंच तिचं काम. डाग थांबला. मग श्रावणात आम्ही ओंकारेश्वरला गेलो, भेरूघाट चढलो-उतरलो, परत आलो, आणि चाकाखाली नवा डाग, आधीपेक्षा दणकट. शिवाय हँडब्रेक ओढला तरी गाडी उतारावरून हळूच निघू लागली.

या वेळी एका म्हाताऱ्या उस्तादाकडे गेलो. मी "ग्रीस" शब्द काढताच त्यांनी हात वर केला. "ग्रीस चलता नहीं भिया, ग्रीस बैठता है. जो चल रहा है वो तेल है." मग त्यांनी नव्या सीलकडे ढुंकूनही पाहिलं नाही. थेट गाडीखाली सरकले आणि डिफरन्शियलचा तेल भरायचा बोल्ट सैल केला. फुस्स! सोड्याची बाटली उघडावी तसा नाही, चांगला दमदार निःश्वास. "देखा? दम घुट रहा था बेचारी का."

एक्सलच्या नळीवर ब्रीदर नावाचं बोंडाएवढं टोपण असतं. तेल तापलं की आतली हवा फुगते, ती तिथून बाहेर पडते. पाताळपाणीच्या सहलीत आम्ही एका ओढ्यातून गाडी घातली होती, पोरांनी टाळ्या वाजवल्या होत्या. तो चिखल टोपणात वाळून दगड झाला होता. घाटात तेल तापलं, हवेला वाट मिळेना, मग तिने सगळ्यात कमजोर जागा शोधली: बिचारं सील. उस्तादांनी पिनेने टोचून चिखलाची गुळी बाहेर काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. वाटाण्याहून लहान.

मग चाक काढलं. आतला ब्रेकचा ड्रम गंजून बसला होता. हातोडा घ्यावा म्हणून मी पुढे झालो, तर उस्तादांनी ड्रमवरच्या दोन भोकांत दोन बोल्ट घातले आणि आळीपाळीने थोडे थोडे आवळत गेले. इकडे पाव फेरा, तिकडे पाव फेरा. ड्रम टक् करून सुटला. आत ब्रेक शू, म्हणजे लायनरचं अस्तर ड्रमवर घासून चाक थांबवणारे तुकडे, तेलात माखलेले. पेट्रोलने धुऊन, सँडपेपर मारून चालवू का, असं मी विचारलं. "लायनर तेल पी गया है. गरम होगा तो फिर पसीना छोड़ेगा." नवे शू, तेही दोन्ही चाकांना, एकाच बाजूला घातले तर ब्रेक मारताच गाडी एकीकडे ओढते. नवं सील, नव्वद नंबरचं तेल बोल्टच्या भोकाच्या काठापर्यंत, त्यावर थेंब नाही. पहिल्या गॅरेजने वरपर्यंत ठासून भरलं होतं, तेही त्या सीलच्या जिवावर उठलं होतं.

जुने पार्ट उस्तादांनी पिशवीत घालून दिले. ते पाहायला गल्ली जमली. वीज खात्याच्या काकांना सीलवरच्या ओरखड्यात शॉकअपचा दोष दिसला. बँकवाले काका तेलकट शू उलटासुलटा करत म्हणाले, "म्हणजे ब्रेकच ना?" प्रोफेसरांनी चिखलाची गुळी मागून घेतली, लेक्चरला उपयोगी पडेल म्हणून.

इतक्यात गाणं वाजवत कचऱ्याची गाडी आली. सहा कप्पे. ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, ई-कचरा आणि घरातला घातक. सील रबराचं, पण त्यात लोखंडी कडी. चिंधी सुकी, पण तेलाने ओली. गाडीवरच्या ताईंनी पिशवीत डोकावून विचारलं, "ये घर का है कि गैरेज का?"

"घातक," बँकवाले काका.

"सुकं," वीज खातं.

"सीलचं रबर आणि लोखंड वेगळं करावं लागेल," गॅलरीतून प्रोफेसर.

ताईंनी तिघांकडे आळीपाळीने पाहिलं, माझ्या हातून पिशवी घेतली, घातकमध्ये टाकली आणि पुढच्या घरापाशी गाडी थांबवली.