'रेंजवरच्या पुंगळ्या आणा, घरी भरा' म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

कोल्हापुरात नेमबाजी शिकणाऱ्या मुलांच्या पालकांमध्ये सध्या एक मेसेज हातोहात फिरतोय. त्याचा गाभा असा: रेंजवर पडलेल्या पितळी पुंगळ्या, म्हणजे उडालेल्या काडतुसांची रिकामी टरफलं, वाया घालवू नका. कुठलीही पुंगळी चिंच लावून लख्ख करा, टोपी बदला, दारू भरा, काडतूस नव्यासारखं. एक पुंगळी वीस वेळा चालते. आजोबा-पणजोबा घरीच भरायचे, परदेशात आजही भरतात. आणि रिकामी पुंगळी म्हणजे भंगार, तिला कायदा लागत नाही. सरावाचा खर्च निम्म्यावर येईल, असं आमिष शेवटी आहेच.

खर्चाचं दुखणं खरं आहे. पोरगं रेंजवर जायला लागलं की घरचा हिशेब कसा कोलमडतो, हे मी जवळून बघतो. म्हणूनच या मेसेजचा राग येतो. ज्यांना पैशाची नड आहे, त्यांच्याच हातात तो धोका ठेवतो.

त्यातलं खरं आहे ते आधी सांगतो. काडतुसाचे चार भाग: पुंगळी, टोपी (बंदुकीची पिन आपटली की पेटून दारूला आग लावणारी बुडाची टिकली), दारू आणि गोळी. बार उडाला की टोपी, दारू आणि गोळी कामातून जातात, उरते ती पुंगळी. ती साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्ताच्या पितळेची असते. बार होताना हे पितळ फुगून नळीच्या घराला, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेला, घट्ट बसतं, वायू मागे येऊ देत नाही, आणि दाब उतरला की पुन्हा आकसतं. हा लवचिकपणा शिल्लक असेपर्यंत पुंगळी परत वापरता येते. त्यामुळे पुंगळ्या जपणं हा वेडेपणा नाही. वेडेपणा 'कुठलीही' या शब्दात आहे.

कोल्हापूरचं नाव ज्या प्रकारांनी मोठं केलं ते आठवा. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर रायफल प्रोनमध्ये जगज्जेती झाली. राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण घेतलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य आणलं. हे सगळे प्रकार .२२ इंची काडतुसाचे. आणि .२२ च्या पुंगळीला बदलता येईल अशी टोपीच नसते.

उडालेली .२२ ची पुंगळी चिमटीत धरून बुडाकडून बघा. मध्यभाग कोरा दिसेल. खूण असते ती कडेला, बुडाच्या काठावर पडलेली एक खोच. पेट घेणारं रसायन त्या काठाच्या घडीत आतूनच भरलेलं असतं. पिन तो काठ चेपते, रसायन पेटतं आणि घडी कायमची दबते. काढायला टोपी नाही, बसवायला जागा नाही. १० मीटर एअर रायफल आणि एअर पिस्तुलात तर पुंगळीच नसते, नुसता शिशाचा छर्रा. म्हणजे आपल्या बहुतेक मुलांच्या सरावात घरी भरण्याजोगं काहीच उरत नाही. निम्मा खर्च वाचणार कुठून?

बुडाच्या मधोमध गोल टोपी असलेल्या पुंगळ्या वेगळ्या. त्यातही बॉक्सर पद्धतीत आत मधोमध एकच भोक असतं, त्यामुळे जुनी टोपी आतून ढकलून काढता येते. बर्डन पद्धतीत दोन बारीक भोकं असतात आणि टोपी ज्यावर आपटते ती ऐरण पुंगळीतच घडवलेली असते. नेहमीच्या अवजाराने ती टोपी निघत नाही. बारा बोअरचं, म्हणजे छर्ऱ्याच्या बंदुकीचं, हल्लीचं काडतूस प्लास्टिकचं असतं, धातू फक्त बुडाला, तोही बऱ्याचदा पितळी मुलाम्याचं लोखंड. आणि पोलीस किंवा लष्कराच्या गोळीबार सरावात दिलेल्या राउंडच्या हिशेबाने पुंगळ्या मोजून जमा होतात. त्या पडून आहेत असं समजून उचलायला जाऊ नये.

आता लख्ख करण्याचं. चिंचेने देवाची भांडी उजळतात म्हणून पुंगळी उजळेल, हे खरं. पण आंबटात फार वेळ राहिलेल्या पितळेतलं जस्त निघून जातं आणि वर तांबूस, पोकळ थर राहतो. अमोनिया त्याहून वाईट. ब्रिटिशांच्या काळात हिंदुस्थानात फौजेची काडतुसं पावसाळ्यात पागांजवळ ठेवली, की न उडवताच त्यांच्या माना तडकायच्या. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया, दमट हवा आणि पितळ ओढून घडवताना त्यात राहिलेला ताण, या तिन्हींचा तो परिणाम, हा उलगडा १९२१ मध्ये झाला. आपल्याकडे घरामागे म्हशींचा गोठा आणि जून ते सप्टेंबर धो धो पाऊस. गोठ्याच्या माळ्यावर पुंगळ्यांचं पोतं ठेवणाऱ्याने हे लक्षात घ्यावं.

वीस वेळांचा आकडाही असाच हवेतला आहे. पुंगळी किती वेळा टिकेल हे दाबावर, बंदुकीच्या घराच्या मापावर आणि पितळ किती कडक झालंय यावर ठरतं. दर बाराला पितळ ताणलं जातं आणि बुडाच्या थोडं वर आतून झिजत पातळ होतं. बाहेरून तिथे कधी एक फिकट, चकचकीत कडं दिसतं. तार वाकवून टोक आतून फिरवलं तर खाच लागते. अशी पुंगळी पुढच्या बाराला तिथूनच तुटू शकते, आणि मग तापलेला वायू नेमबाजाच्या तोंडाकडे येतो. चिंचेच्या लख्खपणात हे कडं लपून जातं. शिवाय टोपीच्या जळलेल्या रसायनात बहुधा शिसं असतं. त्या पुंगळ्या स्वयंपाकघराच्या मोरीत धुणं म्हणजे ते शिसं घरात आणणं.

आजोबांचं खोटं नाही. शिकारीच्या काळात जाड पितळी काडतुसं असायची आणि लोक ती घरी भरायचे. पण ती काळी दारू होती. आजची बिनधुराची दारू त्याच मापाने भरली तर दाब कितीतरी पट वाढतो आणि बंदूक हातातच फुटू शकते. जुन्या टोप्यांत पारा असायचा, तो पितळेत मुरून ते ठिसूळ करतो. म्हणजे माळ्यावर सापडलेली पणजोबांची पुंगळी आठवण म्हणून ठीक, भरायला नाही. परदेशात भरतात ते दारू बनवणाऱ्या कंपनीच्या तक्त्यावरून, तराजूवर तोलून, तिथल्या कायद्यात राहून. मेसेजमध्ये यातलं अक्षरही नाही.

कायद्याचा मुद्दा मला सगळ्यात गंभीर वाटतो. शस्त्र कायदा १९५९ च्या व्याख्येत दारूगोळ्याचे भागही दारूगोळ्यातच धरले आहेत. कलम ४५ मध्ये सूट आहे, पण ती किरकोळ भागांना, आणि तीही ते भाग बाकीच्या भागांबरोबर वापरायचा हेतू नसेल तर. शोकेसमध्ये ठेवलेल्या एका पुंगळीला ही सूट मिळू शकते. 'घरी भरायला गोळा करतोय' म्हटलं की सूट मागायचा आधारच गेला. मेसेज हेतू लिहूनच पुढे पाठवायला सांगतो, आणि तो पुढे पाठवणाऱ्याच्या फोनमध्ये राहतो. परवान्याशिवाय दारूगोळा बनवण्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप आहे. ज्या मुलाला पुढे नेमबाज म्हणून परवाना हवाय, त्याच्या घरावर असा गुन्हा नोंदला गेला तर काय होईल?

मग पुंगळ्यांचं करायचं काय? रेंजवर वेचा, रेंजच्याच डब्यात टाका, मोड, म्हणजे भंगार पितळ, विकायची ती रेंजने हिशेबाने विकावी. वेचताना प्रत्येक पुंगळीचं तोंड बघा. पिन लागूनही न उडालेला राउंड त्यात मिसळलेला असतो, आणि तो जिवंत असतो. मी शिरोलीत ओतकाम करतो. पितळ वितळायला ९०० अंशांच्या वर जावं लागतं, बंद काडतूस त्याच्या कितीतरी आधी फुटतं. रिकामी पुंगळीसुद्धा पावसात भरलेली इवलीशी वाटी असते. ते पाणी वितळलेल्या पितळेच्या रसाखाली गेलं की क्षणात वाफ होते आणि तापलेला रस बाहेर उडतो. म्हणून मोड कोरडी करून, निवडूनच भट्टीवाल्याकडे गेली पाहिजे.

आणि घरात जुनं, गोळी बसलेलं काडतूस सापडलं, तर ते भंगारात टाकू नका, ठोकू नका, पिशवीत घालून फिरूही नका. जागच्या जागी ठेवा आणि पोलीस ठाण्याला फोन करून ते न्यायला सांगा.