थंडीतलं ऊन, आईचा पंचा आणि गाडीच्या काचा

आज डोकं फिरलंय, पोस्ट लांबणार. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी खुशाल पुढे सरकावं.

सकाळी गाडीच्या काचांना फिल्म लावून घ्यायला गेले होते. दुकानदार चहाचा कप खाली न ठेवता म्हणाला, "ताई, थंडीत कोण फिल्म मारतं? मार्चमध्ये या." बरोबर आलेल्या भाऊजींना तेवढंच हवं होतं. "अगं, कोवळं ऊन आहे, अंगावर घ्यावं, व्हिटॅमिन डी मिळतं." दोघंही हसले.

मी नाही हसले, कारण गेल्या डिसेंबरातला सातारा-कोल्हापूर प्रवास मी विसरलेले नाही. दुपार कलली होती. गाडी दक्षिणेकडे, म्हणजे ऊन सगळं उजव्या अंगाने. आई माझ्या मागच्या सीटवर. तिच्या गालावर वांग आहे आणि डॉक्टरांनी ऊन टाळायला बजावलंय. कराड यायच्या आत तिने पिशवीतून पंचा काढला, काच दोन बोटं खाली घेतली, पंच्याचं टोक फटीत अडकवलं आणि काच वर केली. झाला पडदा! आता पुढे उसाची ट्रॉली, तिला ओलांडायचं, म्हणून मी उजवीकडे मान वळवून मागे बघितलं तर काय दिसावं? निळ्या चौकड्यांचा पंचा.

उन्हाळ्यात ऊन लागतं आणि थंडीत लागत नाही, हे कोणी ठरवलं? मेच्या सुरुवातीला आपल्याकडे भर दुपारी शून्य सावली असते. तेव्हा ऊन पडतं टपावर. डिसेंबरात तोच सूर्य दुपारीसुद्धा पन्नासेक अंशांच्या वर चढत नाही, दक्षिणेकडून तिरपा येतो आणि थेट काचेतून मांडीवर, हातावर, गालावर बसतो. त्यात आपण थंडी म्हणून निर्धास्त, ना स्कार्फ ना सनकोट.

आणि भाऊजी, त्या व्हिटॅमिन डीचं. ते उन्हातल्या ज्या अतिनील (यूव्ही) किरणांमुळे तयार होतं, ते यूव्हीबी किरण काच अडवते. काच बंद करून बसलात तर डी मिळत नाही. कातडी काळवंडवणारे, सुरकुत्या आणणारे दुसरे अतिनील किरण, म्हणजे यूव्हीए, मात्र बाजूच्या साध्या काचेतून बऱ्यापैकी आत येतात. पुढची काच दोन थरांची, मध्ये प्लास्टिकचा पडदा असलेली, म्हणून ती त्यांना बरंच रोखते. बाजूच्या काचा बहुतेक गाड्यांत तशा नसतात. म्हणजे आईला उन्हाचा फायदा शून्य आणि वांग वाढणार. म्हणून तो पंचा!

हो, थंडीत सकाळी ऊन आत आलं की गाडी छान उबदार होते, फिल्मने ते सुख थोडं कमी होतं. मान्य. फिल्म थंडीत चिकटायला जास्त वेळ घेते, काही दिवस काच खाली करता येत नाही, तेही मान्य. पुढे.

खरा संताप आलाय तो पुढच्या प्रकाराचा. मी म्हटलं, पारदर्शक दाखवा, यूव्ही आणि उष्णता अडवणारी. तर दुकानदार म्हणतो, "त्यापेक्षा डार्क मारा, स्वस्त पडेल, कोण बघतंय?" कोण बघतंय! २७ एप्रिल २०१२ला सर्वोच्च न्यायालयाने काळ्या फिल्मवर बंदी घातली ती उगाच नाही. चालत्या गाडीत, काळ्या काचांआड बायकांवर काय काय झालं होतं ते आठवा. एक बाई म्हणून त्या निकालाबद्दल माझं काही म्हणणं नाही. उलट काचा काळ्याकुट्ट करून, पुढे पदाची पाटी लावून फिरणारे भाऊ-दादा दिसले की आजही हात शिवशिवतात. हेच लोक आंबोलीच्या धुक्यात मागचं न बघता गाडी दामटतात.

पण त्या बंदीच्या फटक्यात माझ्या आईची स्वच्छ काचही सापडली, कारण तेव्हा फिल्म कितीही पारदर्शक असली तरी नाहीच म्हटलं गेलं. पुढे नियम बदलले. एप्रिल २०२१ पासून ठरलेल्या दर्जाचं सेफ्टी ग्लेझिंग (आतून प्लास्टिकचा थर दिलेली सुरक्षित काचही) चालतं आणि त्यात अशी फिल्मही येते, असं केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४मध्ये सांगितलं. अट एवढीच, पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आत यायला हवा. आता हे चौकातल्या हवालदारदादांना कोण समजावणार? उजेड मोजायचं यंत्र सगळ्यांकडे थोडंच असतं! आणि पंचा लटकवलेल्या गाडीला आजवर कोणी हटकलेलं नाही. खऱ्या अर्थाने दिसायचं बंद होतं ते पंच्याने!

असो. चिडून लिहायला बसले आणि आता आईचाच चेहरा डोळ्यांसमोर येतोय. त्या दिवशी कोल्हापूरपर्यंत दर पाच मिनिटांनी विचारत होती, "तुला दिसतंय ना गं? काढू का?" आणि मी "राहू दे" म्हणत होते, कारण ऊन तिच्या गालावर अगदी नेम धरून पडत होतं.

तर पारदर्शक फिल्मची ऑर्डर दिलीय, थंडीतच. दर्जाचा शिक्का आणि टक्के छापलेलं पक्कं बिल मागितलंय, ते गाडीच्या कागदांबरोबर ठेवणार. दुकानदाराने तोंड वाकडं केलं, करू दे. तुमच्यापैकी कोणी लावली असेल तर रात्री पावसात बाजूचा आरसा नीट दिसतो का तेवढं सांगा. "आमच्याकडे डार्क आहे, कोणी पकडत नाही" वाल्यांनी कृपया कमेंट करू नये.