अंगणवाडीला दुसरी ताई द्या

जूनमध्ये पहिलीत नवी मुलं आली की आठवडाभरात मला कळतं, कुणाच्या अंगणवाडीत गाणी-गोष्टी झाल्यात आणि कुणाच्या अंगणवाडीत फक्त खाऊ मिळालाय. गोष्टी ऐकलेली मुलं "बाई, मग पुढं काय झालं?" म्हणून मागं लागतात. बाकीची दाराकडं बघत बसतात. दोष त्या लेकरांचा नाही आणि ताईंचाही नाही, हे मी वीस वर्षं पहिलीला शिकवून सांगते.

ताईंचा दिवस जवळून बघा. वजन-उंची घ्या, मोबाइलवर भरा, गरोदर बाईच्या घरी जा, लसीकरणाला बायकांना गोळा करा, आहार वाटा, वर मतदारयादीचं काम. मदतनीस रजेवर असली की झाडलोटही त्यांच्याकडंच. मग तीन ते सहा वर्षांच्या पोरांना शिकवायचं कधी?

खरं तर अंगणवाडी ही आपल्याच मातीतली कल्पना. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली पालघरकडच्या बोर्डीला काम सुरू केलं, पुढं त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. आदिवासी मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढल्या. साधनं कसली, तर बिया, शिंपले, पानं, खडे. तिथं शिकवणं हेच मुख्य काम होतं!

१९७५ साली अंगणवाड्यांची सरकारी योजना देशभर आली आणि पोषण, आरोग्य, शिक्षण सगळं एकाच बाईच्या अंगावर पडलं. पोषण हवंच, त्याबद्दल वाद नाही. पण शिक्षण हक्क कायदा सहाव्या वर्षापासून लागू होतो. त्याआधीच्या मुलांसाठी कायद्यात सरकार व्यवस्था 'करू शकेल' एवढंच आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं तिसऱ्या वर्षापासून पायाभूत टप्पा धरला, पण तो चालवायला जादा माणूस कुठंय?

तमिळनाडूत संशोधकांनी काही अंगणवाड्यांना शिकवण्यासाठी एक जादा अर्धवेळ ताई देऊन पाहिली. शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला, मुलांचं भाषा-गणित सुधारलं. आणि पहिल्या ताईंना पोषणाकडं लक्ष देता आल्यानं कुपोषणही कमी झालं! माझी मागणी तेवढीच आहे. फक्त शिकवणारी दुसरी ताई द्या, आणि दोघींनाही मानधन नको, पगार द्या. ताईंना नोकरी सोडताना मिळणाऱ्या ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्येच सांगितलंय.

येत्या ग्रामसभेत मी हा ठराव मांडणार आहे. तुम्हीही आपल्या गावात मांडा. आणि आज अंगणवाडीतून घरी आलेल्या पोराला जवळ घेऊन विचारा, ताईंनी आज कुठली गोष्ट सांगितली?