रेनेकने जमीन 'सोडली' नव्हती

माझी भाची मुद्राचित्रण, म्हणजे पत्र्यावर चित्र कोरून त्याचे छाप काढण्याची कला, शिकते. परवा तिने एक फॉरवर्ड पाठवला, वर प्रश्न: "मामा, मग मी फी कशाला भरतेय?" फॉरवर्ड म्हणतो की बोहुस्लाव रेनेक हा चेक कवी आणि मुद्राचित्रकार म्हणजे साधा गुराखी, शाळेत गेला नाही, गावाबाहेर पडला नाही, वडिलोपार्जित जमीन आपणहून सरकारला देऊन आनंदाने मजूर झाला, आणि त्याच्या कविता मेल्यावर पेटीत सापडल्या. तात्पर्य, पैसा-पदवी काही लागत नाही. आमच्या घरच्या ग्रुपवर त्याला हात जोडूनही झाले.

जमिनीचं आधी बघू, कारण बाकी सगळं नुसतं अज्ञान आहे, हे मात्र संतापजनक आहे. पेत्रकोव या त्याच्या गावचं घर आणि शेती रेनेक कुटुंबाची होती. १९४४ मध्ये जर्मनांनी त्यांना तिथून हुसकावलं. युद्ध संपेपर्यंत ते स्तारा रझीशे गावी फ्लोरियान या प्रकाशक मित्राच्या कुटुंबाकडे राहिले. परतले, तर १९४८ च्या कम्युनिस्ट सत्तांतरानंतर सगळं सरकारजमा. राहायचं त्याच घरात, राबायचं त्याच शेतावर, पण मजूर म्हणून. वर पुस्तकं छापायलाही बंदी. सातबाऱ्यावरचं नाव खोडून एखाद्याला त्याच्याच बांधावर रोजंदारीला लावलं, तर त्याला त्यागमूर्ती म्हणून हार घालणार का? ज्यांनी लुटलं त्यांचं नावही त्या फॉरवर्डमध्ये नाही. सर्वस्व गमावलेल्या बायबलमधल्या ईयोबावर रेनेकने मुद्राचित्रांची मालिका केली आहे. ती बघा आणि मग 'आनंदाने' हा शब्द वापरा.

शाळेचं म्हणाल तर तो यिह्लावा शहरातल्या हायस्कुलात शिकला. प्रागला शेतकीच्या शिक्षणाला गेला आणि काही आठवड्यांत परत आला, हे खरं. चित्रकलेची पदवी नव्हती, हेही मान्य, नाइलाजाने. पण म्हणून हात आपोआप चालत नाही. तो वापरायचा त्या ड्रायपॉइंट पद्धतीत सुईने पत्रा ओरखडताना कडेला जो कीस उठतो, तोच शाई धरतो. थोड्याच छापांत तो दबतो आणि रेघ मरते. शिवाय काळवलेल्या काचेवर ओरखडून फोटोच्या कागदावर छाप घेण्याची पद्धतही त्याने हाताळली. ही वर्षानुवर्षांची मेहनत आहे. भाचीबाईंनी फी भरत राहावी.

गावाबाहेर पडला नाही? ग्रनोबलची कवयित्री सुझान रनो हिच्या कवितांचा अनुवाद करायला परवानगी मागितली, भेटायला फ्रान्सला गेला आणि १९२६ मध्ये तिच्याशीच लग्न केलं. पुढची दहाएक वर्षं कुटुंब पेत्रकोव आणि ग्रनोबल असं दोन्हीकडे राहत होतं.

पेटीचं तर सोडाच. पहिला संग्रह १९२१ चा, १९६९ मध्ये आणखी दोन आले, तो वारला १९७१ मध्ये. ज्यांना तपासायचंय त्यांच्यासाठी जस्टिन क्विनचे इंग्रजी अनुवाद आहेत. प्रागच्या कारोलिनुम प्रकाशनाने २०१७ मध्ये काढलेल्या त्या पुस्तकात कविता आणि मुद्राचित्रं दोन्ही आहेत.

आणि अनुवादक रेनेकचा फॉरवर्डमध्ये पत्ताच नाही. ऑस्ट्रियन कवी गेओर्ग त्राक्लच्या कविता जर्मनमधून चेकमध्ये पहिल्यांदा आणणाऱ्यांपैकी तो एक. फ्रेंचमधूनही त्याने भरपूर आणलं. न शिकलेल्या गुराख्याला या दोन भाषा कुठल्या गाईंनी शिकवल्या, ते फॉरवर्ड लिहिणाऱ्याने सांगावं.